जयसिंहरावांच्या पेशी

जयसिंहराव काकड्यांच्या डाव्या टाचेवर काळा डाग आला तेव्हा त्यांनी तो मनावरच घेतला नाही. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या मुलींच्या दोन पिढ्यांना हॉकी शिकवलेला माणूस तो. चेंडू लागून नख काळं पडणं, बुटात रक्त साकळणं, पायाची सालटं निघणं हे त्यांच्या लेखी अंगावरच्या धुळीसारखं होतं, झटकलं की गेलं. हा डाग मात्र गेला नाही, पसरला. त्यांच्या पत्नीनं, विजयाबाईंनी, औषधाच्या दुकानातून कुरपाच्या पट्ट्या आणून लावल्या. त्यानंही काही होईना, तेव्हा ओळखीच्या एका डॉक्टरनं कुरूप समजून ते कोरून काढलं आणि निघालेला तुकडा कचऱ्याच्या डब्यात टाकला. जखम भरलीच नाही. पुढे जांघेत अवधाण आलं, पाय ओढत चालायची वेळ आली, तेव्हा कुठे ते केदार आपट्याकडे पोचले.

केदार कॅन्सरचा डॉक्टर. त्यानं टाच पाहिली, जांघ चाचपली आणि फिरवून बोलण्याच्या भानगडीत पडला नाही. मेलॅनोमा, म्हणाला. कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर.

"तो तर गोऱ्या लोकांना होतो ना, उन्हात पडून पडून?" जयसिंहरावांनी विचारलं. कुणीतरी फोनवर वाचून तेवढं सांगितलं होतं.

"त्यांना कुठंही होतो. आपल्याकडे बहुतेक तळपायाला होतो, नाहीतर नखाखाली. आणि तिथं कुणी बघत नाही."

त्याच दिवशी केदारनं मंजिरीला फोन केला. "तुझ्या कामाचा पेशंट आलाय. तळपाय. ऑपरेशनला तयार आहेत."

मंजिरी पारसनीस शहराबाहेरच्या एका खासगी संस्थेत मेलॅनोमावर संशोधन करायची. लश्करातल्याच खासगी बाजार या वस्तीत लहानाची मोठी झालेली, शिक्षणासाठी पुण्याला गेलेली, मग काही वर्षं परदेशात काढून परत आलेली. परदेशातलं चांगलं काम सोडून ग्वाल्हेरला काय म्हणून आलीस, असं लोक विचारत. तिच्याकडे उत्तर होतं. जगभरच्या प्रयोगशाळांत मेलॅनोमाच्या म्हणून ज्या पेशी वाढवतात, त्या जवळपास सगळ्या गोऱ्या माणसांच्या, उन्हानं पोळलेल्या कातडीतून घेतलेल्या. औषधं ठरतात ती त्यांच्यावर. तळपायाचा मेलॅनोमा नावानं तोच, पण स्वभावानं निराळा. त्याच्या पेशी प्रयोगशाळेत टिकतच नाहीत. मंजिरीला त्या टिकवायच्या होत्या. इथल्या माणसांचा रोग इथंच काचेखाली जिवंत ठेवायचा, त्याला काय मारतं ते शोधायचं, एवढाच तिचा ध्यास होता. तोपर्यंत जितक्या गाठी तिच्या हाती आल्या, तितक्या सगळ्या वाया गेल्या होत्या. पेशी काही आठवडे तग धरायच्या, मग गोल होऊन पाण्यावर तरंगायला लागायच्या. तरंगणारी पेशी म्हणजे मेलेली पेशी.

संमतीसाठी ती जयसिंहरावांना भेटायला वॉर्डात गेली. त्यांना तिनं ओळखलं होतं. शाळेत असताना महिनाभर ती त्यांच्या हाताखाली खेळली होती आणि पहिल्यांदा पडताच घाबरून घरी बसली होती. त्यांना अर्थातच ती आठवत नव्हती. तिच्या तोंडून मात्र आपोआप "सर" निघालं.

तिनं समजावून सांगितलं. गाठीचा छोटा तुकडा, त्याच्या पेशी सुट्या करायच्या, त्यांना खाणंपिणं द्यायचं, वाढवायचं.

"म्हणजे तुम्ही माझा कॅन्सर पाळणार?"

"हो सर."

जयसिंहराव मोठ्यानं हसले. "आणि खायला काय घालणार त्याला?"

"साखर, क्षार, थोडं सीरम."

"आमच्या घरी याहून बरं मिळतं," ते विजयाबाईंकडे बघत म्हणाले आणि सही करून मोकळे झाले. मग एकदम गंभीर होऊन त्यांनी विचारलं, "याचा मला काही उपयोग?"

हा प्रश्न सगळेच विचारत. त्याचं ठरलेलं उत्तर होतं: तुम्हाला नाही, पुढच्यांना होईल. मंजिरीनं ते दिलंही. पण विजयाबाई तिच्या तोंडाकडे अशा काही बघत होत्या की तिच्यानं राहवलं नाही. ती पुढे म्हणाली, "कदाचित तुम्हालाही. पेशी वाढल्या, तर कुठलं औषध लागू पडतं ते आधी त्यांच्यावर बघता येईल."

विजयाबाईंनी तेवढंच ऐकलं.

ऑपरेशन झालं. टाचेचा मोठा भाग गेला, जांघेतल्या गाठी काढल्या. तुकडा बर्फाच्या डब्यात घालून मंजिरीची पीएचडीची विद्यार्थिनी सोनिका स्कूटीवरून घेऊन आली. दोघींनी मिळून तो चिरला, विरघळवला, पेशी वेगळ्या केल्या. फिरत्या यंत्रात घातल्यावर नळीच्या तळाशी जो गोळा बसला तो काजळासारखा काळाकुळकुळीत होता.

"मॅम, किती ब्लॅक आहे! मतलब एकदम डांबर," सोनिका म्हणाली.

काही दिवसांनी पेशी तळाला चिकटल्या. हातपाय पसरलेल्या, पोटात काळे ठिपके भरलेल्या. वाढ मात्र जवळजवळ नाहीच. दिवाळी गेली, थंडी पडली, पेशी तशाच. मंजिरी रोज सकाळी आल्याबरोबर पहिल्यांदा त्यांच्याकडे बघायची. जानेवारीत धुकं उतरलं, गाड्या रखडल्या आणि बाहेरून येणारं सीरम वाटेतच अडकलं. पेशींना घालायच्या द्रवाची, मीडियमची, एकच बाटली उरली. प्रयोगशाळेत तुलनेसाठी म्हणून मेलॅनोमाच्या दुसऱ्याही पेशी होत्या. कोण्या परदेशी बाईच्या गाठीतून फार पूर्वी काढलेल्या, जगभर वाटल्या गेलेल्या, कशाही परिस्थितीत भराभरा वाढणाऱ्या. नियम असा, की दोन जातींच्या पेशींना बाटल्या निरनिराळ्या. एकीची बाटली दुसरीला लावायची नाही. सोनिकानं विचारलंही, "मॅम, दोघींना सेमच द्यायचं?"

"काय करणार? नाहीतर उपाशी मरतील. हात नीट धू, पिपेट बदल, झालं," मंजिरी म्हणाली. पण लगेचच सोनिका तापानं आठवडाभर घरी राहिली, त्यामुळे मंजिरीनं स्वतःच दोन्ही पेशींना त्या एका बाटलीतून मीडियम घातलं.

सीरम आलं. जयसिंहरावांच्या पेशी आता शेवटच्या घटका मोजत होत्या. निम्म्याहून जास्त तरंगत होत्या. आणि एके दिवशी सकाळी मंजिरीनं पेशींची चपटी बाटली, फ्लास्क, सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर एका कोपऱ्यात पेशींचा टवटवीत पुंजका. दुसऱ्या दिवशी तो दुप्पट. आठवड्यानं सगळा तळ भरून गेला. ती खुर्चीतच बसून राहिली. इतक्या वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं होतं. तिनं सोनिकाला मिठी मारली, केदारला फोन केला, आईला फोन केला.

या नव्या पेशी काळ्या नव्हत्या. नळीच्या तळाचा गोळा आता पांढरट यायचा. मंजिरीच्या ते लक्षात आलं होतं, आणि त्याचं कारणही तिच्यापाशी तयार होतं. काचेत राहून मेलॅनोमाच्या पेशी रंग करणं सोडून देतात, हे तिनं अनेकदा वाचलेलं होतं. खोटंही नव्हतं ते. तिनं सोनिकाला ते समजावून सांगितलं आणि सोनिकानं ते लिहून घेतलं. पेशी ज्याच्या त्याच आहेत की नाहीत हे ताडून बघायची एक चाचणी असते, माणसाच्या बोटांच्या ठशांसारखी. ती निबंध छापायच्या वेळी करायचीच असते. तेव्हाच करू, असं मंजिरीनं ठरवलं.

मग तिनं जयसिंहरावांना बोलावलं. कुबडी घेऊन, विजयाबाईंच्या खांद्याला धरून ते आले. टेबलाशी वाकून त्यांनी एक डोळा मिटला.

"अरे वा! मैदान फुल आहे की!" ते म्हणाले. "ही एक बघा, दोन तुकडे होतायत तिचे."

"विभागतेय सर. एकीच्या दोन."

"जोर आहे." त्यांच्या आवाजात चक्क कौतुक होतं. कॅन्सर का असेना, आपला होता.

विजयाबाईंनी बराच वेळ पाहिलं. त्यांना धड काही दिसलं की नाही कोण जाणे. वर बघून त्यांनी हळूच विचारलं, "या किती दिवस जगतात?"

"नीट सांभाळल्या तर मरतच नाहीत," मंजिरी म्हणाली. त्या दिवशी ती फार आनंदात होती.

होळीनंतर रोग उलटला. मांडीवर गाठी आल्या, फुप्फुसात ठिपके दिसले. शरीराची प्रतिकारशक्ती चेतवणारी इंजेक्शनं केदारनं सुरू केली, पण जयसिंहरावांच्या यकृताला इतकी सूज आली की ती थांबवावी लागली. राहता राहिल्या गोळ्या. ब्रॅफ नावाच्या एका जनुकात बिघाड असेल, तर त्या बिघाडावर नेमक्या बसणाऱ्या गोळ्या असतात. तळपायाच्या मेलॅनोमात हा बिघाड क्वचित सापडतो. केदारनं ऑपरेशनच्या वेळचा जपून ठेवलेला तुकडा तपासायला पाठवला. तो परत आला: नमुन्यात काळं रंगद्रव्य फार, चाचणी होऊ शकत नाही.

"तुझ्या पेशी आहेत ना," केदार फोनवर म्हणाला. "स्वच्छ, रंग नसलेल्या. त्यांचा डीएनए दे मला."

मंजिरीनं दिला. बिघाड सापडला.

तिनं लगोलग ती गोळीही पेशींवर घालून बघितली. तीन दिवसांत फ्लास्कचा तळ रिकामा झाला. पेशी गोल होऊन तरंगत होत्या, आणि या वेळी ते बघून तिला नाचावंसं वाटलं. तिनं त्याचं चित्रण करून जयसिंहरावांना दाखवलं. त्यांनी ते विजयाबाईंना दाखवलं, शेजाऱ्यांना दाखवलं, दूध घालायला येणाऱ्याला दाखवलं. "देख भाई, मर रहे हैं साले," असं म्हणत.

गोळ्या सुरू झाल्यावर पहिले काही दिवस त्यांना हुशारीही वाटली. रिक्षा करून ते मैदानावर जाऊन आले. मग मांडीवरच्या गाठी वाढल्या. एकीच्या शेजारी दुसरी, दुसरीला लागून तिसरी, निळ्याकाळ्या, टणक. गुडघ्याखाली उतरल्या, वर पोटावर चढल्या. केदारनं इतक्या वेगानं पळणारा रोग क्वचितच पाहिला होता. त्यानं एक ताजी गाठ काढून दुसऱ्या शहरातल्या अशा ठिकाणी पाठवली, जिथं रंगद्रव्य धुऊन काढून चाचणी करत.

मे महिन्याच्या भर दुपारी त्याचा फोन आला.

"मंजिरी, ब्रॅफ नॉर्मल आहे."

"कुणाचं?"

"जयसिंहरावांचं. बिघाड नाहीच आहे. दोनदा करून घेतली टेस्ट." तो थोडा थांबला. "तू एकदा तुझ्या पेशी तपासून घे."

तिला पुढचं काही सांगावं लागलं नाही. फोन कानाशी धरूनच तिनं समोरच्या हूडकडे, पेशी हाताळायच्या काचेच्या कपाटाकडे, पाहिलं, आणि जानेवारीतली ती एकच बाटली तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. आपण आधी कुठल्या पेशींना मीडियम घातलं आणि नंतर कुठल्या, हे आठवायचा तिनं खूप प्रयत्न केला. आठवेना. एखादा थेंब पुरतो. थेंबसुद्धा लागत नाही, एक पेशी पुरते.

चाचणीचं उत्तर यायला काही दिवस गेले. तोवर ती रोज संस्थेत येत होती, बसत होती, जात होती. उत्तर ईमेलनं आलं तेव्हा सोनिका शेजारीच होती. जयसिंहरावांच्या नावाच्या फ्लास्कात जयसिंहरावांची एकही पेशी नव्हती. सगळ्या त्या परदेशी बाईच्या होत्या.

सोनिका रडायला लागली. "मॅम, मी बीमार नसते पडले तर..."

"तू नव्हतीसच त्या आठवड्यात. मी होते," मंजिरी म्हणाली. तिला रडू येत नव्हतं.

संध्याकाळी ती केदारच्या दवाखान्यात गेली. शेवटचा पेशंट जाईपर्यंत बाहेर बसून राहिली. आत गेल्यावर तिनं एकच विचारलं, "गोळ्यांनी वाढलं का?"

केदारनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बिघाड नसलेल्या गाठीला त्या गोळ्या उलट चिथावू शकतात, हे तुला माझ्याहून जास्त माहीत आहे."

"मला यांचं विचारायचंय. यांच्यात तेच झालं का?"

"नाही सांगता येत. गोळ्या दिल्या नसत्या तरी ते यातून वाचणार नव्हते. पण इतक्या लवकर..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "कुणालाच कळणार नाही, मंजिरी. मला नाही, तुला नाही. गोळ्या मी बंद केल्यात. लागू पडत नाहीत, एवढंच सांगितलंय."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं सांगून त्यांना काय मिळणार आहे? माणूस जाणार आहे. सुखानं जाऊ दे."

"सुखानं?"

गोळ्यांच्या चिठ्ठीवर सही केदारची होती. त्याच्या चेहऱ्यावर जी भीती दिसली, ती मंजिरीला ओळखीची वाटली. गेले काही दिवस आरशात ती तीच बघत होती. तिला त्याचा राग आला नाही.

दोन दिवसांनी ती जयेंद्रगंजात काकड्यांकडे गेली. विजयाबाई दार उघडून म्हणाल्या, "बरं झालं आलात. त्यांना तेवढीच सोबत. मी पटकन भाजी घेऊन येते." आणि पिशवी घेऊन त्या उतरल्या.

जयसिंहराव कूलरच्या झोतात पलंगावर पडले होते. अंगावर चादर होती, पण चादरीखालूनही पायाचा आकार चुकल्यासारखा दिसत होता. चेहरा मात्र अजून तोच होता, मैदानावरून ओरडून ओरडून रुंद झालेला.

"या पारसनीसबाई. काय म्हणतात आमच्या पेशी?"

घरून निघताना तिनं वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही तिला सापडेना. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "सर, त्या तुमच्या नव्हत्या."

त्यांना कळलं नाही. मग तिनं सगळं सांगितलं. बाटली, थेंब, परदेशी बाई, पांढरट गोळा, न केलेली चाचणी. गोळ्या कशावरून ठरल्या तेही. त्या गोळ्यांनी कदाचित रोग भडकला असेल तेही. कूलरच्या आवाजात तिला तिचाच आवाज दुसऱ्या कुणाचा वाटत होता. जयसिंहराव वरच्या पंख्याकडे बघत होते.

"मग माझ्या कुठं गेल्या?" त्यांनी शेवटी विचारलं.

"मेल्या. फेब्रुवारीतच बहुतेक. त्या दुसऱ्या पेशींनी त्यांना जागाच ठेवली नाही."

"अच्छा." ते कोरडं हसले. "तिथं मेल्या. साखर-बिखर सगळं घालून मेल्या. आणि इथं..." त्यांनी चादरीवरून मांडीला हात लावला आणि लगेच उचलला.

"सर, मी..."

"थांबा." त्यांनी हात वर केला, मैदानावर खेळ थांबवायला करत तसा. "माझ्या मुलींपैकी कुणी चुकून आपल्याच गोलात चेंडू मारला, तर मी कधी रागावलो नाही. रडत यायच्या, मी म्हणायचो, जा बेटा, पाणी पी, परत खेळ. पण तो खेळ होता, बाई. हा खेळ नाही."

"नाही सर."

"त्या पेशी मरताना दाखवल्यात तुम्ही मला. फोनवर. मी आख्ख्या गल्लीला दाखवलं." त्यांचा श्वास वाढला. "किती दिवस गेले माझे? गोळ्यांपायी?"

"माहीत नाही."

"अंदाजे?"

"खरंच माहीत नाही, सर. कधीच कळणार नाही."

जयसिंहरावांनी डोळे मिटले. जिन्यात विजयाबाईंच्या चपलांचा आवाज आला तेव्हा त्यांनी डोळे उघडले. "तिला सांगू नका," ते घाईनं म्हणाले. "तिला वाटतं, मी गेलो तरी तिकडे थोडा उरेन. वाटू दे. आणि तुम्ही आता जा. परत येऊ नका."

विजयाबाई भाजीची पिशवी सावरत आत आल्या. "अहो, एवढ्यात निघालात? चहा तरी?"

"नको," जयसिंहरावच म्हणाले. "त्यांना काम आहे."

त्यानंतर मंजिरीनं संस्थेला सगळं कळवलं. छापण्यासाठी लिहीत आणलेला निबंध रद्द केला. जयसिंहरावांच्या नावाचे सगळे फ्लास्क, गोठवून ठेवलेल्या सगळ्या कुप्या तिनं स्वतः उकळत्या वाफेच्या यंत्रात घातल्या. केदारनं काढलेल्या ताज्या गाठीचा थोडा भाग शिल्लक होता. तो वाढायला लाव, असं केदार म्हणाला. तिनं लावला. नवी बाटली, नवा हूड, दुसरं कुणी आसपास नाही. पेशी काळ्या होत्या, खऱ्या होत्या. तीन आठवड्यांनी त्या तरंगायला लागल्या आणि महिन्याभरात एकही उरली नाही.

जयसिंहराव जुलैच्या शेवटी गेले. शेवटी त्यांना कुणाची ओळख उरली नव्हती, गाठी मेंदूत गेल्या होत्या. केदारनं कळवलं, पण मंजिरी स्मशानात गेली नाही; त्यांनी येऊ नका म्हटलं होतं. तेराव्यानंतर मात्र विजयाबाईंचाच निरोप आला की एकदा येऊन जा, आणि मग तिला घरी बसवेना.

खोलीत बऱ्याच बायका बसल्या होत्या. पुढच्या रांगेत सर्वांगानं थोराड, आखूड केसांच्या तीन-चार जणी होत्या. जयसिंहरावांच्या जुन्या खेळाडू असाव्यात. विजयाबाईंनी मंजिरीला जवळ बसवून घेतलं आणि तिचा हात हातात धरून सगळ्यांना सांगितलं, "या त्या बाई. यांच्याकडे हे अजून आहेत. मी स्वतः पाहिलंय. जिवंत." खेळाडूंपैकी एकीनं पदर डोळ्यांना लावला.

"मला घेऊन चला एकदा," विजयाबाई म्हणाल्या. "आता घरात फार खायला उठतं हो. तिथं जाऊन बघून येईन. काही त्रास देणार नाही. आठवड्यातनं एकदा म्हटलं तरी चालेल."

हो म्हणणं सोपं होतं. एखादा फ्लास्क पुढे ठेवला असता तर त्यांना काय कळणार होतं? कुठल्याही पेशी तशाच दिसतात. एक क्षण मंजिरीच्या मनात ते आलं, आणि आपल्या मनात ते आलं याचीच तिला शिसारी आली. पण जयसिंहरावांना तोंडानं न दिलेलं एक वचनही तिच्या गळ्याशी होतं, घडलं ते विजयाबाईंना न सांगण्याचं. ती खाली बघत म्हणाली, "त्या गेल्या, विजयाबाई."

"गेल्या म्हणजे?"

"मेल्या. नाही जगल्या."

"कधी?"

"त्यांच्या आधीच."

विजयाबाईंनी तिचा हात सोडला. रडून रडून सुजलेल्या त्या चेहऱ्यावर आधी नुसतंच न कळणं होतं. "पण तुम्ही तर म्हणालात, सांभाळल्या तर मरत नाहीत."

"हो."

"मग सांभाळल्या नाहीत?"

बायका एकमेकींकडे बघत होत्या. विजयाबाई मोठ्यानं बोलल्या नाहीत, आणि त्या मोठ्यानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. "एवढं एकच तर तुमच्याकडे दिलं होतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं आणि पुन्हा रडायला लागल्या, नवऱ्यासाठी पहिल्यांदाच रडत असल्यासारख्या. थोराड खेळाडूंपैकी एक पुढे होऊन त्यांना थोपटायला लागली, आणि मंजिरीकडे बघून तिनं नजरेनंच दार दाखवलं.

मंजिरी जिना उतरली. खाली रस्त्यावर नेहमीची गर्दी होती. आपल्याला कुठे जायचंय हे तिला काही वेळ आठवेना, म्हणून ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. एकदा वाटलं, वर जाऊन सगळं सांगावं. स्वतःचं मन हलकं करायला नाही, खरं आहे म्हणून. पण खरं ऐकून विजयाबाईंच्या हाती काय पडलं असतं? नवरा गेला, त्याच्या पेशीही गेल्या, आणि वर हे. ती उठली आणि पडाव चौकाच्या बाजूला चालायला लागली.

दिवाळीच्या सुमाराला सोनिका दुसऱ्या मार्गदर्शकाकडे गेली. जाताना पाया पडली, म्हणाली, "मॅम, आप फिर से सुरू करा ना. मी येईन." मंजिरीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. आता ती संस्थेत पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रात्यक्षिकं घेते. हूडच्या खोलीची किल्ली तिनं कार्यालयात जमा केली आहे.

मध्यंतरी केदारचा फोन आला होता. मुरैन्याकडची एक बाई, शेतात अनवाणी राबणारी. तळपाय. उद्या ऑपरेशन. "तुकडा पाठवू का?"

"नको."

"दुसरं कुणी नाही घेणार, मंजिरी. तुला माहितीय. फॉर्मॅलिनच्या बाटलीत जाईल, मरेल तिथंच."

"जाऊ दे," ती म्हणाली.

पलीकडे केदार अजून फोनवर होता. वर्गात मुलं कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर पसरत होती, आणि एक मुलगी हात वर करून विचारत होती की मॅम, ये सेल जिंदा है क्या.